मुलांची बस, तिचे नियम आणि शाळेची इतिवृत्तवही



जानेवारी 2012 मध्ये नागपूर शहरात एक शाळकरी मुलगा आपल्याच शाळेच्या बसखाली सापडून मृत्युमुखी पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि विद्यार्थ्यांच्या वाहतुकीचा सगळाच प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने विचारात घेतला. या अपघाताच्या वेळी नियम नव्हते, असे मुळीच नाही. स्कूल बसच्या विनियमनाचे नियम महाराष्ट्र शासनाने मार्च 2011 मध्येच प्रसिद्ध केले होते, म्हणजे त्यांना जेमतेम दहा महिने झाले होते. बसचा रंग, तिच्यावरील पाटी, चालकाची पात्रता, मुलांना चढविण्या-उतरविण्यासाठी मदतनीस, मुली असतील तेथे स्त्री मदतनीस, प्रथमोपचाराची पेटी, आग विझविण्याचे साधन, या सर्वांची तरतूद त्यांत होती. त्याच नियमांत आणखी एक तरतूद होती, ती वाहनाविषयी नसून शाळेविषयी होती. प्रत्येक शाळेत एक परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असावेत, पालक, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, स्थानिक संस्था व बसवाले यांचे प्रतिनिधी तिच्यावर असावेत आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी निदान एकदा तरी भरावी, अशी ती तरतूद. शाळाशाळांतून या समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत काय, हा प्रश्न खंडपीठापुढे पुढेही पुन्हा पुन्हा निघाला. पिवळा रंग बसला एका दिवसात देता येतो. समितीला बैठक घेण्याची सवय लागण्यास वर्षे जातात.

येथे खेड्यातील प्राथमिक शिक्षक साहजिकच विचारील की, आमच्या शाळेला बसच नाही, मग बसच्या नियमांची उठाठेव आम्ही कशाला करावी? प्रश्न अगदीच गैर नाही. भिवापूर वा पारशिवनी तालुक्यातील दोन शिक्षकी शाळेच्या पटावरील बहुतेक मुले पायीच येतात. शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे. जेथे इतकी जवळ शाळा नाही, त्या वस्तीच्या मुलांसाठी वाहतुकीची सोय करणे हे शासनाचे काम आहे. तथापि चौथी-पाचवीनंतर मुलगी शेजारच्या मोठ्या गावी जाऊ लागली की ती एसटीने जाते, ऑटोने जाते, काळीपिवळीत दाटीवाटीने बसून जाते, तर कधी हंगामाच्या दिवसांत बापाच्या ट्रॅक्टरवरही जाते. तिला वाहनातून उतरून रस्ता ओलांडावयाचा धडा जो काय मिळावयाचा तो प्राथमिक शाळेतच मिळतो. ती ज्या फाट्यावर उतरते तो फाटाही पुष्कळदा त्या शाळेच्या डोळ्यांसमोरच असतो. म्हणून बसचे नियम कोठून येतात आणि ते कसे बदलतात हे गुरुजींना व बाईंना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ते कोठून येतात याचे उत्तर बहुतेक वेळा दुःखद आहे. 18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून एक शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुले बुडाली. दिल्लीच्या प्रदूषणाविषयीचा व वाहतुकीविषयीचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हा चालूच होता. त्यात अवघ्या दोन दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, व पुढे डिसेंबरमध्ये न्यायालयाने आदेश दिले. शाळेची बस चालविणाऱ्यास जड वाहन चालविण्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांबद्दल ज्याच्यावर वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा कारवाई झाली, किंवा दारू पिऊन वा भरधाव वाहन चालविल्याबद्दल एकदाही झाली, त्याच्या हाती मुले सोपवू नयेत. बसला बंद होणारे दार हवे आणि आत जाणता मदतनीस हवा. आज देशभर शाळांच्या बसगाड्यांविषयी जे नियम दिसतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या आदेशांत सापडते. पाच वर्षांचा अनुभव हवा ही गोष्ट 17 नोव्हेंबरलाही कोणास सुचली असती; परंतु ती कागदावर येण्यास 28 मुलांचे प्राण जावे लागले.

नियम नेहमी असाच, अपघाताच्या पाठोपाठ यावा, असे मात्र नाही. एक उदाहरण खेड्यातल्या शिक्षकांना विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा विषयच मुळी ग्रामीण शिक्षण हा होता. 1937 च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या राज्यांतील मुले शाळेला कशी जातात याची पाहणी केली, तेव्हा कोठे मालमोटारी, कोठे घोड्यांच्या गाड्या, कोठे निळ्या-तांबड्या रंगांनी रंगविलेल्या बसगाड्या असा सगळा गोंधळ त्यांना आढळला. एप्रिल 1939 मध्ये त्यांनी 48 राज्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना व बस बांधणाऱ्यांना एकत्र बोलाविले. सात दिवस चर्चा होऊन 44 मानके ठरली. भिंतीवर रंगांच्या पट्ट्या टांगून त्यांतून एक पिवळा रंग निवडण्यात आला. पहाटेच्या व सायंकाळच्या अंधुक उजेडात त्यावर काळी अक्षरे स्पष्ट दिसतात, हे त्याचे कारण. आपल्याकडील स्कूल बसचा पिवळा रंग त्याच घराण्यातला. परंतु रंगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, ती सभा एकदाच भरून संपली नाही. तशा सभा पुढे ठरावीक काळाने भरत राहिल्या आणि प्रत्येक सभेत जुन्या मानकांची फेरतपासणी होत गेली. कोठे अपघात झाला म्हणून नव्हे, तर ठरलेली मुदत भरली म्हणून. महाराष्ट्राच्या नियमांतील तीन महिन्यांची बैठक ही याच जातीची, लहानशी का होईना, व्यवस्था आहे.

मानके कितीही चांगली केली तरी एक अडचण उरतेच. नवा नियम बहुधा नव्या वाहनाला लागू होतो, जुने वाहन रस्त्यावर धावतच राहते. 14 मे 1988 रोजी केंटकी राज्यात कॅरलटन गावाजवळ, पूर्वी शाळेची असलेली व नंतर एका चर्चने वापरावयास घेतलेली बस समोरून येणाऱ्या वाहनाशी आदळली. तिची इंधनाची टाकी पुढच्या दाराजवळच होती. आग लागली व 27 जण जळून मेले. त्यांत बहुतेक मुले होती. टाकीला संरक्षक सांगाडा असावा असा नियम 1 एप्रिल 1977 पासून अंमलात आला होता. या बसचा सांगाडा त्याआधी अवघे नऊ दिवस तयार झाला होता. आपल्याकडेही 2015 साली केंद्रीय नियम 118 मध्ये दुरुस्ती होऊन शाळांच्या बसगाड्यांचा वेग ताशी 60 किलोमीटरवर रोखणारे यंत्र आवश्यक झाले. जानेवारी 2022 च्या अधिसूचनेने बसच्या आतील भागात आग ओळखून इशारा देणारी यंत्रणा सांगितली. राज्यात लहान शालेय व्हॅनसाठी वेगळे नियम करण्याचे शासनाने 2025 मध्ये जाहीर केले. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. परंतु गावच्या फाट्यावर जी गाडी येऊन थांबते, ती कोणत्या साली बांधली गेली आणि तिला यांतले काय काय लागू आहे, हे विचारणारा कोणी तरी तेथे हवा. राजपत्र ते काम करू शकत नाही.

कधी कधी नियम उत्तम असतो, जुनाही असतो, आणि तरी तो कोणी पाळीत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 131 पाहावे. पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकापाशी चालकाने वाहन थांबवावे, वाहक किंवा मदतनीस याने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी व मगच वाहन पलीकडे न्यावे. मदतनीस नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. यापेक्षा सोपा नियम कोणता असावयाचा? पण 24 जुलै 2014 रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातील मासाईपेठ येथे आणि 26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात अशाच फाटकांवर मुलांची वाहने रेल्वेखाली सापडली. कुशीनगरला 13 मुले गेली. अखेर नियमाचा आग्रह अपुरा पडतो हे ओळखून रेल्वेने ती धोक्याची जागाच नाहीशी करावयाचे ठरविले, आणि जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील पहारेकऱ्याविना असलेली फाटके काढून टाकली. कोठे पहारेकरी नेमला, कोठे भुयारी मार्ग केला, कोठे फाटक बंदच केले. शाळेच्या समितीने यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. ‘मुलांनी सांभाळून रस्ता ओलांडावा’ असा ठराव करण्यापूर्वी, मुलांना तो रस्ता ओलांडावाच लागणार नाही अशी काही व्यवस्था होऊ शकते काय, हे आधी पाहावे. पुष्कळदा बसचा थांबा पन्नास पावले सरकविला किंवा परतीच्या वेळी गाडी शाळेच्या बाजूला वळवून उभी केली की तेवढ्याने काम होते. थांबे ठरविणे हे समितीच्या कामांपैकीच एक आहे, त्यासाठी मुंबईची परवानगी आणावी लागत नाही.

मुलांना खरा धोका बसमध्ये बसल्यावर जितका असतो, त्याहून बसच्या भोवती अधिक असतो. चालक उंचावर बसतो. पुढच्या चाकांसमोरचे व दाराखालचे दोन-तीन मीटर त्याला नीट दिसत नाहीत. पहिलीच्या मुलाची उंची ती किती! उतरताना हातातली पाटी किंवा डबा पडला आणि तो उचलण्यासाठी मूल वाकले, की चालकाच्या दृष्टीने ते मूल तेथे नाहीच. दुसरी गोष्ट, उतरल्यावर मूल बसच्या मागून रस्त्यावर धाव घेते आणि बसला ओलांडून जाणाऱ्या मोटारीच्या चालकाला ते अगदी अखेरच्या क्षणी दिसते. मदतनीसाचे काम हात धरून खाली उतरविण्यापुरते नाही. उतरलेली सर्व मुले बसपासून दूर गेली, ही खूण तो देईपर्यंत गाडी हलता कामा नये. ज्या एसटीत मदतनीस नाही तेथे ही खूण वाहकाने द्यावी, अशी विनंती आगारप्रमुखांना पत्राने करता येते. वाहकाचे मूळ काम तिकिटे देण्याचे असले तरी दारावरचा माणूस तोच आहे.

नियमाची दुरुस्ती कायद्याने कशी होते, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 212 प्रमाणे कोणताही नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. मसुद्यासोबत एक दिनांक दिलेला असतो. त्या दिनांकापर्यंत ज्या हरकती व सूचना येतील त्यांचा विचार करणे शासनावर बंधनकारक असते. नंतर अंतिम नियम राजपत्रात येतो आणि राज्याचा नियम असेल तर तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. हरकत घेण्यासाठी वकील लागत नाही, मुद्रांक लागत नाही. मोठ्या शहरांतील बसमालकांच्या संघटना या संधीचा उपयोग करतात आणि त्यात वावगे काही नाही, त्यांचा तो व्यवसाय आहे. पालकांच्या संस्थाही आपले म्हणणे मांडतात. परंतु नरखेडच्या किंवा कुहीच्या फाट्यावर डिसेंबरच्या धुक्यात सकाळी साडेसहाला काय घडते, हे ज्याला माहीत आहे तो खेड्यातला शिक्षक बहुधा काहीच लिहीत नाही. मग नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातली बस व शहरातला रस्ता एवढेच राहते, यात त्याचा सगळाच दोष म्हणता येणार नाही.

लिहावयाचे तरी काय, अशी अडचण पुष्कळांना वाटते. तक्रार लिहू नये, नोंद लिहावी. ‘ऑटोवाले बेजबाबदार आहेत’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. ‘अमुक तारखेस सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी फाट्यावर एका ऑटोतून सहावी ते आठवीची 11 मुले उतरली, त्यांतील 4 रस्त्याच्या बाजूने उतरली’ हे वाक्य पोलिसालाही उपयोगी पडते आणि मोटार वाहन निरीक्षकालाही. अशा पाच-सहा नोंदी तीन महिन्यांत झाल्या की बैठकीला विषय मिळतो. इतिवृत्तात त्या जशाच्या तशा उतरवाव्यात. जिल्ह्यातही पोलीस अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्कूल बस सुरक्षिततेची समिती असते. शाळेच्या समितीला जे करता येत नाही ते त्या समितीकडे पाठवावे. समित्यांच्या रचनेबद्दल व त्यांच्या एकत्रीकरणाबद्दल शासननिर्णय वेळोवेळी निघत असतात. नाव कोणतेही पडो, फाट्यावर काय घडले याची वही शाळेतच राहणार. आणि शाळा व्यवस्थापन समितीवर तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात, त्यांतही निम्म्या स्त्रिया. मुलीला पहाटे फाट्यावर पोचवावयास येणारी आई त्यांच्यातच असते. तिने पाहिलेले जर बैठकीत विचारले गेले नाही, तर ती समिती सह्यांपुरतीच राहिली असे समजावे.

काही गोष्टी अशा असतात की, त्यांची वाट नियम येईपर्यंत पाहताच येत नाही. 28 सप्टेंबर 2021 रोजी नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात वाहून गेली. पुलावरून पाणी वाहत असता गाडी घालू नये, हे कोणास ठाऊक नसते? तरीही पलीकडे घर दिसत असले म्हणजे माणसाचा धीर सुटतो. उमरेड-कुहीकडील, किंवा पेंच नि कन्हान यांच्या काठच्या शाळांनी पावसाळ्यापूर्वीच ठरवून टाकावे की, अमुक पुलावर पाणी आले तर पलीकडची मुले सोडावयाची नाहीत, त्यांना शाळेतच ठेवावे, खिचडी शिजवावी, पालकांना निरोप द्यावा. हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हेही आधीच लिहून ठेवलेले बरे. ऐन पुराच्या वेळी मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीला गेलेले असतात.

सहलीचेही तसेच. ज्या शाळेला एरवी वर्षभर बसचे दर्शन नाही, तिचा बसशी संबंध येतो तो सहलीच्या दिवशी. डिसेंबर 2024 मध्ये हिंगणा भागात नागपूरच्या एका शाळेची सहलीची बस उलटून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला व अनेक मुले जखमी झाली. सहलीच्या दिवशी शिक्षक हाच मदतनीस असतो. निघण्यापूर्वी चालकाचा परवाना, वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र व विमा पाहून त्यांचे क्रमांक वहीत टिपून घेणे यात चालकाचा अपमान काहीच नाही. चांगला चालक ते आपण होऊन दाखवितो. एक शिक्षक पुढच्या दाराशी व एक शेवटच्या बाकावर बसावा. मुलांची मोजणी चढताना व उतरताना दोन्ही वेळा करावी आणि बस रिकामी झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन एकदा पाहावे. झोपी गेलेले एखादे लहान मूल बंद गाडीत राहून जाणे ही गोष्ट ऐकावयास अशक्य वाटते, पण विदर्भाच्या उन्हात तसे घडल्यास वेळ फारच थोडा मिळतो.

वहीतील अशा नोंदी वर्षभर साठल्या, आणि त्यानंतर कधी स्कूल बसविषयी नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात आला, तर शाळेने एक पत्र जरूर पाठवावे. ते एका पानाचे असावे. आपला फाटा कोणत्या रस्त्यावर आहे, मुले किती वाजता व कोणत्या वाहनाने येतात, तीन महिन्यांत काय काय दिसले आणि मसुद्यातील कोणते कलम या गावी लागू पडत नाही किंवा अपुरे पडते, इतकेच त्यात यावे. दिलेल्या मुदतीपूर्वी ते मसुद्यातील पत्त्यावर पोचावे. पत्रावर मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का व तारीख असावी. त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि दुसरी इतिवृत्तवहीत चिकटवून ठेवावी.